हप्त्याचा विमा आणि विम्याचा हप्ता

२ ऑक्टोबर १९९५ रोजी ब्रिटनमध्ये एक नियम बदलला. तो दिसायला किरकोळ होता. तोपर्यंत नोकरी गेलेला गृहस्थ सरकारी उत्पन्न-साहाय्यास पात्र ठरला, तर त्याच्या गृहकर्जावरील व्याजाचा निम्मा भाग पहिले सोळा आठवडे आणि त्यानंतर संपूर्ण व्याज सरकार भरत असे. त्या दिवसापासून जो कोणी नवे कर्ज घेईल, त्याला पहिले एकोणचाळीस आठवडे काहीही मिळणार नाही, असे ठरले. जुन्या कर्जदारांनाही पहिले आठ आठवडे वगळण्यात आले आणि पुढील अठरा आठवडे निम्म्यावर भागवण्यास सांगण्यात आले. हा मधला नऊ महिन्यांचा खड्डा कोणी भरायचा? जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारचे आणि त्याचे समाजसुरक्षा मंत्री पीटर लिली यांचे उत्तर सरळ होते. खाजगी विमा कंपन्यांनी तो भरावा, आणि त्याची किंमत कर्जदाराने मोजावी.

या उत्तराचे पुढे काय झाले, याचा इतिहास बोधप्रद आहे. मुंबई, पुणे, ठाणे येथे आज गृहकर्जाच्या कागदांबरोबर 'नोकरी गेल्यास हप्ते भरणारी' पॉलिसीही सहीसाठी पुढे सरकवली जाते. तेथे जे तीस वर्षांत घडले, त्याची पहिली काही पाने आपल्याकडे आता लिहिली जात आहेत.

सरकारला हा बदल का करावासा वाटला, हेही लक्षात घ्यायला हवे. श्रीमती थॅचर यांच्या काळात घर भाड्याने घेण्याऐवजी विकत घेण्याला राष्ट्रीय धोरणाचे रूप आले. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना आपली घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला आणि त्या दशकात दहा लाखांहून अधिक घरे अशी विकली गेली. मालमत्ताधारकांची लोकशाही निर्माण होत असल्याचा आनंद पक्षाला झाला होता. मात्र ही मालमत्ता बहुतांशी गहाण होती. ऑक्टोबर १९८९ मध्ये पायाभूत व्याजदर पंधरा टक्क्यांवर गेला, मागोमाग मंदी आली, घरांच्या किमती कोसळल्या आणि १९९१ या एका वर्षात सुमारे ७५,५०० कुटुंबांची घरे कर्ज देणाऱ्या संस्थांनी ताब्यात घेतली. १९९३ च्या प्रारंभी बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात पोचली. दहा लाखांवर कुटुंबे अशी होती की त्यांच्या घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठे झाले होते. व्याजाचा सरकारी भार या काळात फुगत गेला. खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या अर्थखात्याची नजर त्यावर पडली, यात आश्चर्य नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि कर भरणाऱ्या कामगाराने दुसऱ्याच्या घराचे व्याज का भरावे, हा सरकारचा युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता.

चूक होती ती पुढल्या पायरीवर. बेकारी ही आगीसारखी किंवा अपघातासारखी आपत्ती आहे, आणि म्हणून तिचाही विमा बाजारात मिळेल, असे गृहीत धरण्यात आले. वस्तुतः या दोहोंत मूलभूत अंतर आहे. एका गल्लीतील घर पेटले म्हणून गावातील सगळी घरे पेटत नाहीत. म्हणूनच हजार घरांच्या प्रीमियममधून एका घराची भरपाई होते आणि कंपनीही टिकते. नोकऱ्यांचे तसे नाही. त्या जातात तेव्हा एकदम जातात. कारखाना बंद पडला की त्याला माल पुरवणाऱ्या कार्यशाळा बंद पडतात आणि त्या कामगारांवर चालणारी दुकानेही ओस पडतात. ज्या वर्षी विम्याची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षी सर्व दावे एकाच वेळी दाराशी येतात. याखेरीज विमा उतरवणाऱ्याला आपल्या कचेरीतील हवा कंपनीपेक्षा आधी कळते. ज्याची नोकरी पक्की, तो असा विमा घेत नाही. ज्याच्या खात्यात कुजबुज सुरू झाली आहे, तो धावत येतो. मग कंपनी प्रीमियम वाढवते, त्याने पक्क्या नोकरीवाले आणखी दूर जातात, आणि मागे उरतात ते जवळजवळ निश्चित दावेदार.

ब्रिटिश राज्यकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण त्यांच्याच देशाने याचे उत्तर १९११ साली शोधले होते. लॉइड जॉर्ज यांच्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या दुसऱ्या भागात जहाजबांधणी, इमारत-बांधकाम, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांतील कामगारांसाठी बेकारी विमा आला. व्यापार मंडळात विन्स्टन चर्चिल असताना तरुण विल्यम बेव्हरिज यांनी त्याची पूर्वतयारी केली होती. कामगार, मालक आणि सरकार या तिघांची वर्गणी, आठवड्याला सात शिलिंगांचा भत्ता, तोही वर्षातून अधिकात अधिक पंधरा आठवडे, असे त्याचे माफक स्वरूप होते. परंतु त्याचा कणा एका शब्दात होता: सक्ती. पक्क्या नोकरीवाल्यालाही वर्गणी चुकवता येत नव्हती आणि कच्च्या नोकरीवाल्याला बाहेर ठेवता येत नव्हते. खाजगी कंपनीजवळ यांपैकी एकही अधिकार नाही. ती स्वतःचे रक्षण करू शकते ते केवळ अटींच्या कुंपणाने.

ते कुंपण कसे असते? या पॉलिसीत बेकारीचे पैसे साधारणतः बारा महिने मिळत, क्वचित चोवीस. पहिला महिना किंवा दोन महिने कोरडे जात. पॉलिसी घेतल्यापासून ठरावीक दिवसांच्या आत कपातीची नुसती सूचना मिळाली, तरी दावा बाद होई. आपणहून स्वीकारलेली निवृत्ती चालत नसे, गैरवर्तनाबद्दलची बडतर्फी चालत नसे, मुदतीच्या कराराची मुदत संपणे चालत नसे. स्वतःचा धंदा करणाऱ्याने तो पूर्णपणे बंद करून दाखवला पाहिजे, अशी अट असे. नुसते काम मिळेनासे होणे पुरेसे नव्हते. यांतील प्रत्येक अट विम्याच्या शास्त्राने पाहिली तर समर्थनीय आहे. पण सगळ्या एकत्र वाचल्या म्हणजे ज्याला विम्याची निकड, तोच नेमका बाहेर राहतो असे दिसते.

तरीही या विम्याला अर्थच नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी साहाय्य गरिबीच्या कसोटीवर मिळत असे. पतिपत्नींपैकी एकाची पूर्णवेळ नोकरी टिकली, तर दुसऱ्याच्या बेकारीत सरकार एक पेनीही देत नसे. अशा दुहेरी कमाईच्या कुटुंबाला, ज्याचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला आहे, बारा महिन्यांची हमी खरोखर मोलाची होती. नीट वाचून, किमतीची तुलना करून, दरमहा प्रीमियम भरून ज्यांनी ती घेतली आणि ज्यांना कपातीचे पत्र आले, त्यांची घरे तिने राखली. दोष वस्तूत होता, पण त्याहून अधिक विक्रीत होता.

विक्रीच्या या कथेने पुढे ब्रिटिश बँकिंगच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या ग्राहक-घोटाळ्याचे रूप घेतले. गृहकर्जासाठी म्हणून लोकांना परिचित झालेली ही कल्पना बँकांनी वैयक्तिक कर्जे, क्रेडिट कार्डे, गाडीची कर्जे अशा सर्वांना चिकटवली. खरे पाहता गृहकर्जावरील विमा या कुटुंबातला त्यातल्या त्यात बरा सदस्य होता. व्रात्यपणा अधिक झाला तो वैयक्तिक कर्जांवर, जेथे सगळा प्रीमियम एकरकमी घेऊन कर्जातच मिळवला जाई आणि त्यावरही व्याज आकारले जाई. विमा घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असा समज करून देण्यात आला. निवृत्तांना, धंदेवाल्यांना, म्हणजे दावा करूच न शकणाऱ्यांनाही तो विकण्यात आला. कित्येकांना आपल्यापाशी असा काही विमा आहे याचा पत्ताही नव्हता. सप्टेंबर २००५ मध्ये 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' या ग्राहकसंस्थेने ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगकडे रीतसर तक्रार नेली. प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेले. घर वा वाहन विम्याच्या मानाने या विम्यात प्रीमियमचा फारच थोडा भाग दाव्यांच्या रूपाने परत जातो, असे आयोगाला आढळून आले.

उरलेला पैसा कोठे जात होता, याचा उलगडा २०१४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणाने झाला. घरावर चौतीस हजार पौंडांचे दहा वर्षांचे कर्ज घेणाऱ्या एका विधवेला ५,७८० पौंडांचा विमा विकला होता. विम्याची मुदत होती पाच वर्षे. त्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के रक्कम दलाल आणि कर्ज देणारी कंपनी यांच्या कमिशनमध्ये गेली होती. विमा कंपनीला पोचले ते शंभरातले अठ्ठावीस पौंड. इतके प्रचंड कमिशन ग्राहकापासून लपवणे म्हणजे कर्जदार आणि धनको यांचे नातेच अन्याय्य करणे होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. तत्पूर्वी एप्रिल २०११ मध्ये बँकांच्या संघटनेने नियामकाविरुद्ध लढवलेला दावा उच्च न्यायालयाने फेटाळला होता आणि पुढच्याच महिन्यात लॉइड्स या एका बँकसमूहाने भरपाईसाठी ३२० कोटी पौंड बाजूला काढले होते. भरपाई मागण्याची अखेरची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली. लोकांना ती कळावी म्हणून नियामकाने अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे यांत्रिक मुंडके जाहिरातीत फिरवले. कंटाळवाण्या अटींच्या कागदाकडे जनतेचे लक्ष वेधायला शेवटी हॉलिवुडचा मल्ल आणावा लागला! बँकांनी परत केलेली एकूण रक्कम ३८ अब्ज पौंडांवर गेली.

यावरचा उपायही नमूद करण्याजोगा आहे. कर्जाच्या व्यवहाराबरोबरच हा विमा विकण्यास २०११ च्या आदेशाने बंदी झाली. कर्ज दिल्यावर सात दिवस बँकेने विम्यासाठी ग्राहकाच्या मागे लागू नये, असे ठरले. एकरकमी प्रीमियम मोडीत निघाला. सात दिवस ही क्षुल्लक मुदत वाटेल. परंतु घराच्या किल्लीसाठी आतुर झालेला माणूस आणि किल्ली हाती आलेला माणूस ही दोन निराळी माणसे असतात, आणि विक्रेत्यांना पहिला हवा असतो.

विक्री सुधारली तरी मूळ दोष मात्र तसाच राहिला, हे दोनदा सिद्ध झाले. २००८ च्या अरिष्टानंतर बेकारी वाढू लागताच काही कंपन्यांनी चालू गृहकर्ज-पॉलिसींचे प्रीमियम वाढवले आणि संरक्षण घटवले. २००९ मध्ये वित्तीय सेवा प्राधिकरणाने हस्तक्षेप करून ती वाढ मागे घ्यायला लावली. मार्च २०२० मध्ये महामारीची चाहूल लागताच अनेक कंपन्यांनी बेकारीचा नवा विमा विकणेच थांबवले. त्या घटकेला लोकांना तारले ते कोणी? सरकारने काम थांबलेल्यांच्या पगाराचा ऐंशी टक्के भाग, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, स्वतः दिला आणि कर्जदारांना प्रथम तीन महिन्यांची हप्तासवलत देण्यात आली. एकोणचाळीस आठवड्यांचा तो नियमही असाच हेलकावत राहिला. जानेवारी २००९ मध्ये मजूर सरकारने तो तेरा आठवड्यांवर आणला. एप्रिल २०१६ मध्ये हुजूर सरकारने पुन्हा एकोणचाळीस केला. २०१८ पासून साहाय्याचे दान थांबून घरावर बोजा चढवणारे व्याजी कर्ज झाले. आणि एप्रिल २०२३ मध्ये, घरखर्चाची महागाई असह्य झाल्यावर, त्याच पक्षाच्या सरकारने प्रतीक्षा तीन महिन्यांवर आणली. बाजार भरून काढील म्हणून जो खड्डा १९९५ मध्ये खणला होता, तो अठ्ठावीस वर्षांनी सरकारनेच बराचसा बुजवला.

भारतात हा प्रश्न उशिरा आला, याचे कारण कर्जाचे घर येथे उशिरा आले. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली, तोपर्यंत मध्यमवर्गीय माणूस घर बांधायचा तो निवृत्तीच्या पैशांतून. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. घरातले सोनेनाणे मोडले गेले, बायकांनी पोळीभाजीचे डबे केले, कित्येक कुटुंबे कोकणात आणि घाटावर परतली. भूक होती. परंतु गिरणगावातील दहा बाय दहाच्या खोलीवर बँकेचा बोजा नव्हता आणि तिचे भाडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली गोठलेले होते. त्याच कामगाराचा नातू आज डोंबिवलीत किंवा वाकडला वीस वर्षांच्या कर्जावर राहतो. पगार त्याला आजोबांनी स्वप्नातही पाहिला नसेल असा मिळतो. पण तो पगार थांबल्यावर छप्पर किती दिवस टिकेल, याचे गणित आजोबांहून कठीण आहे.

ते गणित असे. हप्ता थकून नव्वद दिवस लोटले की कर्ज अनुत्पादित ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात न जाता, बँक घर ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करू शकते. येथे मिळणाऱ्या नोकरी-विम्यात सामान्यतः तीन हप्ते भरले जातात, ब्रिटनप्रमाणे बारा नव्हेत. हे संरक्षण सहसा स्वतंत्र मिळतही नाही. गंभीर आजार आणि अपघात यांच्या विम्याला ते जोडलेले असते आणि सगळ्यांचा प्रीमियम एकरकमी कर्जात मिळवला जातो. उदाहरणादाखल पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता येतो सुमारे ४३,४०० रुपये. त्याचे तिप्पट म्हणजे एक लाख तीस हजार. समजा प्रीमियम साठ हजार आहे आणि तो कर्जात मिळवला आहे. वीस वर्षांत त्या साठ हजारांपोटी सव्वा लाख रुपये भरले जातील. विमा मात्र बहुधा तीन किंवा पाच वर्षांतच संपलेला असेल. आजार व अपघाताचे संरक्षण या पैशांत येते हे खरे. त्यासाठी तो घ्यायचा तर अवश्य घ्यावा. नोकरीच्या भीतीपोटी घेणाऱ्याने मात्र आपण सव्वा लाख देऊन फार तर एक लाख तीस हजारांची, तीही अटींच्या चाळणीतून गळून आलेली, आशा विकत घेत आहोत हे जाणून घ्यावे.

त्या चाळणीत आपल्याकडे एक खास भोक बुजवलेले आहे. आपणहून राजीनामा दिल्यास पैसे मिळत नाहीत. ही अट सर्व देशांत आहे. परंतु पुण्याच्या हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत माहिती तंत्रज्ञानाच्या धंद्यात नोकरी जाते ती बहुधा कपातीच्या पत्राने नव्हे. मनुष्यबळ विभागाची व्यक्ती समोर बसवते आणि राजीनामा दिलात तर अनुभवाचा दाखला स्वच्छ मिळेल, असे सांगते. पुढल्या नोकरीच्या आशेने माणूस सही करतो. त्या एका सहीने तो कायद्याच्या भरपाईलाही मुकतो, आणि विम्यालाही. १९५३ पासून सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन ही कपातीची किमान भरपाई कायद्यात आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती कायम ठेवली आणि पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची तरतूद केली. ज्याने 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला, त्याच्यासाठी ही कलमे नसल्यासारखीच आहेत.

सरकारी आधार त्याहून तोकडा. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली आणि २०२० मध्ये तिचा भत्ता सरासरी मिळकतीच्या पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेला. मुदत नव्वद दिवस. पण महामंडळाच्या छत्राखाली येण्यासाठी २०१७ मध्ये ठरलेली वेतनमर्यादा महिना २१ हजारांची होती. पन्नास लाखांचे कर्ज फेडणारा माणूस या मर्यादेच्या कितीतरी वर असतो आणि श्रीमंतीच्या कितीतरी खाली. मार्च ते ऑगस्ट २०२० मधील हप्तेस्थगितीने त्याला सहा महिने श्वास मिळाला खरा, तथापि त्या काळाचे व्याज चढतच राहिले. चक्रवाढीचा भाग परत मिळाला तो प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर.

या परिस्थितीत काही गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मुख्य तथ्यपत्रकात विम्यासारखे तिसऱ्या पक्षाचे आकारही वार्षिक खर्चाच्या दरात धरणे बंधनकारक केले. ते पत्रक कर्जदाराने मागून घ्यावे आणि विम्यासह व विम्याविना असे दोन्ही दर लेखी विचारावेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांच्या गैरविक्रीमुळे कर्ज महाग होत असल्याचे बजावले होते. नुसत्या बजावण्याने ब्रिटनमध्येही काही झाले नाही. झाले ते विक्री आणि कर्ज यांच्यात सात दिवसांची भिंत घातल्यावर. विमा नियामकाने तशी भिंत येथे घालायला हवी. शिवाय मालकाच्या दबावाखाली दिलेला राजीनामा हा विम्याच्या दृष्टीने नोकरी जाणेच होय, अशी व्याख्या पॉलिसीत बंधनकारक करायला हवी. कंपन्या म्हणतील की प्रीमियम वाढेल. वाढू द्यावा. निदान तो कशासाठी आहे हे तरी ग्राहकाला कळेल.

तोवर ज्याला साठ हजार रुपये प्रीमियम परवडतो, त्याने ते मुदतठेवीत ठेवले तर सुमारे दीड हप्त्याची सोय पहिल्याच दिवशी होते. राजीनामा कोणी आणि कोणत्या कारणाने दिला, हे ती ठेव मोडताना बँकेचा कारकून विचारत नाही.